शब्दाआधी उत्तर

कान तपासायच्या खोलीचं दार लावलं की बाहेरचं जग बंद होतं. पुष्कळांना ते आवडत नाही, घुसमटल्यासारखं होतं म्हणतात. मला तिथं बरं वाटायचं. भिंतींना राखाडी स्पंज, पायाखाली जाड गालिचा, एक खुर्ची आणि समोर छोटी काच. काचेपलीकडे धाकटी बसायची. ती माझ्या कानांवर हेडफोन चढवायची, दार ओढून घ्यायची, आणि मग थोडा वेळ काहीच नसायचं. ना पंखा, ना रस्ता, ना माझा स्वतःचा श्वास.

मग ही बोलायला लागायची.

ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन वर्ष होत आलं. कान तपासणं हा तिचा व्यवसाय होता. त्यासाठी मंडळाचा परवाना लागतो, तो तिच्याकडे होता, आणि हे केंद्र तिनंच उभं केलं. धाकटी तिच्या हाताखाली शिकली. धाकटी हे नावही हिनंच ठेवलेलं, कारण केंद्रात दोघीच होत्या आणि थोरली कोण याबद्दल हिच्या मनात शंका नव्हती. आता केंद्र धाकटी चालवते.

ऐकू येतं का हे बघायला नुसत्या शिट्ट्या वाजवून भागत नाही. बोललेलं कळतंय का, तेही बघावं लागतं. त्यासाठी साध्या शब्दांची एक यादी असते. एक आवाज ते शब्द म्हणतो, आपण ते परत म्हणायचे, आणि आवाज एकेक पायरी खाली जात राहतो. या केंद्रातला तो आवाज हिचा होता. पुष्कळ वर्षांपूर्वी तिनं ही यादी रेकॉर्ड केली आणि मंडळानं ती मंजूर केली.

"म्हणा, ऊन."

"ऊन."

"म्हणा, दार."

"दार."

एवढंच. तुम्ही म्हणाल, यात काय आहे? पण हिचा आवाज दुसरा कुठेच उरलेला नव्हता. तिला रेकॉर्डिंगचा तिटकारा होता. कुणी मोबाईल उगारला की ती स्वयंपाकघरात निघून जायची. पुतणीच्या लग्नाच्या व्हिडिओत ती आहे, पण पाठमोरी, आणि वाजंत्री एवढी जोरात की शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही. फोनवर निरोप ठेवायची पाळी आली तर ती फोनच ठेवून द्यायची. "माझा आवाज मला माझा वाटत नाही," म्हणायची. "दुसऱ्याच कुठल्या तरी बाईचा वाटतो." एकदाच ती माइकसमोर बसली, ते या यादीसाठी. कामाचं होतं म्हणून.

मी लाँचचा सारंग. खाडीच्या या धक्क्यावरून त्या धक्क्यावर माणसं न्यायचो आणि आणायचो. आमचाही परवाना असतो, आणि वय वाढलं की दर तीन महिन्यांनी कानांची तपासणी होते. बाकीचे सारंग तपासणीला जाताना तोंड पाडून जातात. मी इस्त्रीचा शर्ट घालून जायचो. माझा खलाशी मला चिडवायचा. त्याला सगळे नगारा म्हणतात, कारण त्याला हळू बोलताच येत नाही. लहानपणापासून इंजिनाशेजारी वाढलेला माणूस.

"सारंग, कान दाखवायला चाललात की मुलगी बघायला?"

"मुलगी बघून झाली. तिनं होकारही दिला होता."

"मग आता कशाला एवढी पावडर?"

"तिनं नाही म्हणू नये म्हणून."

नगारा हसायचा. त्याचं हसूसुद्धा दुसऱ्या धक्क्यापर्यंत जायचं.

ही गेल्यापासून जग मऊ झालं होतं. याला दुसरा शब्द मला सापडत नाही. दारं आवाज न करता लागायची. नळाखालचं भांडं गपचूप भरायचं आणि ओसंडून पाणी पायापर्यंत आलं की मला कळायचं. लाँचचं इंजिन पूर्वी छातीत धडधडायचं, ते आता पांघरुणाखाली असल्यासारखं चालायचं. बायका-माणसं माझ्याशी बोलताना ओठ हलवायची आणि आवाज जेमतेम यायचा. मला वाटलं, ज्याच्या घरात माणूस गेलंय त्याच्यासमोर लोक आवाज खाली करतातच. मेव्हणी आली की तीही तशीच बोलायची. मी मान डोलवायचो. चांगली माणसं आहेत, असं वाटायचं. वर्ष होत आलं तरी कुणी आवाज वर चढवला नाही.

सकाळी खाडीवर धुकं उतरतं. दोन्ही धक्के दिसेनासे होतात आणि लाँच एका पांढऱ्या खोलीत उभी असल्यासारखी वाटते. त्या दिवसांत मला ते फार आवडायचं. पाणी नाही, काठ नाही, आवाज नाही. मागे फळीवर माणसं बसलेली असायची, तीही नुसत्या आकृत्या. वाटायचं, यातलीच एक आकृती उठेल, पदर सारखा करेल आणि पुढे येऊन विचारेल, अहो, डबा घेतलात का?

असं सगळं चाललेलं असताना तपासणीची तारीख आली.

मी खोलीत बसलो. दार लागलं. ही बोलायला लागली. आवाज उतरत गेला, आणि मी एकही शब्द सोडला नाही. शेवटच्या पायरीवर तर ती अगदी कानाशी बोलल्यासारखं वाटलं. डोळे मिटून मी सगळं म्हणून टाकलं. बाहेर आलो तेव्हा मी हसत होतो.

धाकटी हसत नव्हती. पडद्याकडे बघत होती, आणि तिच्या हातातलं पेन थांबलं होतं.

"काका, जरा बसता?"

"का गं? एखादा चुकला?"

"नाही. सगळे बरोबर आहेत. तोच घोळ आहे." तिनं पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या नावापुढे लाल पट्टी होती आणि पट्टीत लिहिलं होतं: उत्तर शब्दाआधी.

"म्हणजे काय?"

"म्हणजे मॅडम शब्द म्हणायच्या आत तुम्ही तो म्हणालात."

"बरं मग? बायकोचं वाक्य संपायच्या आत हो म्हणायचं, हे मी लग्नाच्या पहिल्या महिन्यात शिकलो."

ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. खुर्ची माझ्याजवळ ओढून ती नीट, मोठ्यानं बोलायला लागली. तेव्हा मला वाटलं, आज धाकटीचा घसा मोकळा आहे.

"पूर्वी मी काचेतून बघायचे आणि खुणा करायचे, हा बरोबर, हा चूक. या महिन्यापासून मंडळाचं मशीन स्वतः ऐकतं. शब्द कधी वाजला, तुम्ही कधी बोललात, सगळं तिकडे जातं. मी काय लिहिते तेही जातं. माझा परवानासुद्धा आता त्याच पडद्यावर असतो, बघा, तो हिरवा ठिपका. तपासणी चुकीची केली असं त्याला वाटलं की तोच ठिपका लाल होतो."

"पण मी तर ऐकूनच बोललो."

"माझाही विश्वास आहे. माइक जुना आहे, त्याचंच काही तरी झालं असेल." ती पुन्हा पडद्याकडे वळली. "मला दोनपैकी एक लिहावं लागेल, काका. माइक बिघडलाय असं लिहिलं तर माणूस येऊन बघून जाईल. त्याला यायला महिने लागतात. तोवर तुमचा परवाना चालू, यादीही चालू."

"आणि दुसरं?"

"यादी तोंडपाठ आहे. मग तपासणी रद्द. आणि जी यादी कुणाला पाठ आहे असं कळतं, ती काढून टाकतात. मी बटण दाबायचा अवकाश. इथूनही जाते, मंडळातूनही जाते."

"जाते म्हणजे?"

"पुसून जाते. पुढे मंडळाचा आवाज. मशीननं केलेला, सगळीकडे एकच."

"कसा आहे?"

"स्वच्छ आहे," ती म्हणाली. दवाखान्याबद्दल म्हणावं तसं म्हणाली.

मी तिला म्हटलं, "माइक बिघडलाय. लिही."

"लिहिते. पण आधी एकदा तपासून बघते, म्हणजे खोटं लिहिल्यासारखं व्हायला नको. मंडळाला न जोडता नुसतं वाजवते. तुम्ही नेहमीसारखं म्हणा."

मी परत आत गेलो. दार लागलं. हिनं सुरुवात केली. ऊन. दार. मीठ. वाट. मी म्हणत गेलो. मला घर दिसत होतं. रेकॉर्डिंगच्या आधी कितीतरी दिवस ही घरी सराव करायची. जेवण झालेलं असायचं, ताटं तशीच समोर, हात वाळलेले. ती म्हणायची आणि मी परत म्हणायचो. सगळे शब्द एकाच जोराचे यायला हवेत असं तिचं म्हणणं. एखाद्या शब्दाचे लाड नकोत, एखाद्यावर राग नको. मीठ म्हणताना तिचा आवाज हमखास चढायचा, कारण मला मिठाचं पथ्य होतं आणि ते मी पाळत नव्हतो. मग ती स्वतःवरच चिडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. ऊन. दार. मीठ. वाट. काच. भिंत. दिव्याभोवती पाखरं फिरायची. मला झोप यायची, तरी मी म्हणत राहायचो. एकदा तर मी झोपेतच पुढचे शब्द म्हणालो म्हणे, आणि ही ताट हातात घेऊन हसत उभी राहिली.

त्या खोलीत ती मला सगळी दिसत होती. तिचा आवाज आता फार बारीक झाला होता, पण स्पष्ट होता. सूत. पाय. झाड. मी शेवटच्या शब्दापर्यंत गेलो आणि थांबलो.

दार उघडलं नाही. मी काचेकडे बघितलं. धाकटी खुर्चीत नव्हती. मग दार उघडलं आणि ती आत आली, आणि माझ्यासमोर खाली गालिच्यावरच बसली. एवढी शिकलेली, दारावर पाटी असलेली बाई, पण हिच्यापुढे तिला खुर्चीत बसायची सवयच नव्हती.

"झालं?" मी विचारलं.

"काका, मॅडम ऐकू आल्या?"

"आल्या की. सगळं ऐकू आलं."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी 'वाट' या शब्दानंतर आवाज बंद केला होता," ती म्हणाली. "पुढे काहीच वाजत नव्हतं."

मी तिला परत सांगायला सांगितलं. ऐकू आलं नव्हतं म्हणून नाही. तिनं परत सांगितलं.

मला रडू आलं असं लिहायला हवं, पण तसं झालं नाही. मला नगारा आठवला. थोड्याच दिवसांपूर्वी धुक्यात मालाची बोट, एक मोठा पडाव, आमच्या नाकासमोरून गेला होता. एवढा जवळून, की त्याच्या कडेचा गंज दिसला. नगाऱ्यानं बोंब मारली म्हणून मी सुकाणू फिरवलं. नंतर मी त्या पडाववाल्याला शिव्या घातल्या, धुक्यात भोंगा देत नाही म्हणून. नगारा माझ्याकडे बघतच राहिला. "दिला की, सारंग," तो म्हणाला. "तीनदा दिला." मला वाटलं, पोरगं त्या पडाववाल्याची बाजू घेतंय. मागे फळीवर एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन बसली होती.

आणि मग बाकीचं आपोआप येत गेलं. नळ, दारं, मेव्हणी, इंजिन. कुणी आवाज खाली केलेला नव्हता. मेव्हणीला तर हळू बोलता येतं यावर ही कधीच विश्वास ठेवत नसे. लोक होते तसेच बोलत होते. जग काही माझ्या दुःखात सामील झालेलं नव्हतं, मला ते ऐकूच येत नव्हतं.

"तुला आधी शंका आली होती का?" मी विचारलं.

"मागच्या वेळी वाटलं होतं. दारातून हाक मारली होती, तुम्ही बघितलं नाहीत. पण निकाल चोख होता, आणि मला वाटलं, विचारात असाल." तिनं डोळे पुसले. "पूर्वीची पद्धत असती ना काका, तर आजही मी बरोबरच्या खुणा करून तुम्हाला लाँचवर पाठवलं असतं."

बाहेर कुणी तरी रांगेत खोकत असणार, फोन वाजत असणार. त्या खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं.

"तरीही तुम्ही म्हणालात तर मी माइकचं लिहीन," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली. "तुम्ही लाँचवर जायचं नाही, एवढं कबूल करा. सुट्टी टाका. यादी तरी राहील काही महिने. मलाही हवी आहे ती. सकाळी मशीन लावते तेव्हा एक शब्द ऐकते रोज."

खरं सांगतो, मी विचार केला. लाँच मला सोडता आली असती. सुकाणू कधी तरी खाली ठेवायचंच असतं. पण अधूनमधून इथं येऊन हा आवाज ऐकायचा, तेवढ्यासाठी मी काय वाटेल ते कबूल केलं असतं. मग मला तो हिरवा ठिपका दिसला, काचेतून, धाकटीच्या रिकाम्या खुर्चीसमोर.

"माणूस येईल आणि माइक चांगला निघेल," मी म्हटलं. "मग?"

"मग बघू."

"मग तुझा ठिपका लाल होईल. आणि ही मला उभं करील वर गेल्यावर. म्हणेल, एक मुलगी मी नीट शिकवून ठेवली होती, तीही तुम्हाला सांभाळता आली नाही."

"मॅडम असं म्हणणार नाहीत."

"तू तिच्या हाताखाली होतीस. मी तिच्या घरात होतो."

ती रडता रडता हसली. मी म्हटलं, "खरं काय ते लिही."

तिनं तळहातानं गाल पुसले. मग उठली आणि म्हणाली, "लिहिते. पण आधी एक काम करू. मंडळाच्या तपासणीत आवाज उतरत नेतात. मी तो चढवते. तुम्हाला खरंच ऐकू येईल एवढा मोठा करते आणि पहिल्यापासून वाजवते. तुम्ही काही म्हणायचं नाही. नुसतं ऐकायचं." तिनं खिशातून मोबाईल काढला. "आणि हा हेडफोनला लावून ठेवला तर..."

"खिशात ठेव तो," मी म्हटलं. "तिला चालायचं नाही. तुला माहीत आहे."

तिनं तो खिशात ठेवला. दार लागलं.

आधी एक सरकता आवाज आला, खुर्ची पुढे ओढल्याचा. तो मी कधी ऐकलाच नव्हता. मग श्वास. मग एका बाईनं म्हटलं, "म्हणा, ऊन."

मी दचकलो. हा आवाज माझ्याकडे होता तो नव्हता. माझ्याकडे जी होती ती सावकाश बोलायची, जरा थकून, शब्द आणि शब्द यांच्यामध्ये विसावा घेत. शेवटच्या आजारपणात ती तशी बोलायची, आणि नकळत तोच आवाज मी सगळ्या वर्षांना लावून टाकला होता. या बाईला दम धरवत नव्हता. ती चटपटीत होती, तिला पुढे दुसरी कामं होती. तिच्या आवाजाला एक धार होती, आणि तिला थोडी सर्दी झालेली होती. ऊनमधला न नीट फुटत नव्हता. एका शब्दाच्या आधी तिनं बांगडी कोपराकडे सरकवली, ते किणकिणणं आलं. एका शब्दानंतर आवंढा गिळला. एके ठिकाणी तिच्या पोटात गुरगुरलं, अगदी स्पष्ट, आणि तिनं तसंच पुढचा शब्द म्हटला, मंडळाच्या लोकांसमोर काहीच झालं नाही असं दाखवून. ती न जेवता आली होती. त्या दिवशी मी कुठे होतो, घरी काय झालं होतं, मला आठवेना. मी खूप प्रयत्न केला. ती बाई माझ्या आठवणीत नव्हतीच. ती फक्त इथं होती, तरुण, उपाशी, घाईत असलेली, आणि माझ्याशी नाही तर कुणाशीही बोलत होती, ज्याचे कान तपासायचे असतील त्याच्याशी.

मी ओठ आवळून बसलो. शब्द संपले. शेवटच्या शब्दानंतर तिनं जोरात नाक ओढलं, आणि मग काही नाही.

धाकटीनं काचेतून हातानंच विचारलं, लिहू? मी होकाराची मान हलवली. तिनं वाकून काही तरी टाईप केलं, बराच वेळ वाचलं, आणि बोट टेकवलं. कसलाही आवाज झाला नाही. निदान मला तरी आला नाही.

मी उठायला लागलो तर तिनं मला बसून राहायची खूण केली. तपासणी रद्द झाली होती, म्हणून दुसरी करायची होती. तिनं मंडळाची यादी लावली. मी हेडफोन नीट केला, पाठ सरळ केली, दोन्ही हात मांडीवर ठेवले.

एक आवाज आला. पुरुषाचा की बाईचा, तेही मला सांगता येईना. दूरवर, खाडीच्या त्या काठावर कुणी तरी काही तरी म्हणालं. मी वाट बघितली. कुठलाही शब्द माझ्या तोंडात आधीपासून नव्हता.

"ऐकू आलं नाही," मी म्हणालो.

काचेपलीकडे धाकटीनं ते लिहून घेतलं.